वीस सेकंद आणि दहा सेकंद

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी सायंकाळी झालेल्या भाषणाचा लेखी पाठ)



या व्यासपीठावर एरवी कीर्तनकार येतात, प्राध्यापक येतात. यंदा कार्यकारिणीने आम्हाला बोलावलं. आम्ही म्हणजे रोज पहाटे पावणेसहाला याच सभागृहातल्या खुर्च्या भिंतीला लावून उड्या मारणारी अठरा माणसं. बोलायचं काम एकावर आलं, कारण तो सरकारी खात्यात डिप्लोमा इंजिनिअर आहे आणि त्याला टिपण लिहायची सवय आहे. पण सांगायचंय ते अठरा जणांचं, म्हणून 'आम्ही' म्हणूनच बोलतो. शेजारच्या घरातल्या काकूंची मात्र सुरुवातीलाच माफी मागतो. तीन वर्षांत त्यांनी एकदाच तक्रार केली, तीही परीक्षेच्या दिवसांत.

सुरुवात चांगल्या कारणाने झाली नव्हती. आमच्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा एक माणूस सेहेचाळिसाव्या वर्षी कचेरीत टेबलावरच गेला. स्मशानातून परत येताना रिक्षात चौघे होतो. एकाची साखर वाढलेली, दुसऱ्याचं रक्तदाब मोजणं त्याने मुद्दाम टाळलेलं, उरलेल्या दोघांची पोटं शर्टाच्या गुंड्यांना दिसत होती. दुसऱ्या दिवशी चौघे सभागृहात जमलो. मोबाईल खुर्चीवर उभा केला आणि त्यातला तरुण सांगेल तसं करू लागलो.

तो प्रकार आता पुष्कळांना माहीत आहे. वीस सेकंद जीव तोडून व्यायाम, दहा सेकंद थांबायचं, असं सात-आठ वेळा. चार मिनिटांत माणूस जमिनीवर. जपानमधल्या इझुमी ताबाता यांनी १९९६ साली यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला, म्हणून त्याला ताबाताच म्हणतात. सहा आठवड्यांत दम वाढला, तसाच थोड्या वेळात जोर काढण्याचा आवाकाही वाढला, असं त्यात दिसलं. आम्ही एवढंच वाचलं. ज्यांच्यावर तो प्रयोग झाला ते तेविशीच्या आसपासचे, शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी होते आणि तो सायकलच्या यंत्रावर झाला होता, हे वाचायचं राहून गेलं. आमचं सरासरी वय चव्वेचाळीस, आणि यंत्राच्या जागी मंडळाची फरशी.

तरी फायदा झाला, तो नाकारत नाही. एकट्याने फिरायला जायचं आम्ही प्रत्येकाने चार-चारदा ठरवलं आणि सोडलं होतं. इथे मात्र नाही गेलं की सहा वाजता दारात स्कूटर येऊन हॉर्न वाजायचा. चाराचे अकरा झालो, अकराचे अठरा. स्क्वॉट, बर्पी, प्लँक हे शब्द तोंडात बसले. (बर्पी म्हणजे काय ते विचारू नका. जोर मारून उठताना उडी मारायची. गोड काही नाही त्यात.) कुणाची साखर खाली आली, कुणाचा पट्टा दोन भोकं आत गेला. रविवारी व्यायाम संपला की सगळे मिळून सेव-उसळ खायला जायचो, त्यामुळे पट्ट्याचा हिशोब सोमवारी परत जुळवावा लागे.

मग आम्हाला तक्त्याची बुद्धी सुचली. कोणी वीस सेकंदांत किती मारले, ते लिहायचं आणि रविवारी दुपारी ग्रुपवर क्रमाने टाकायचं. सरकारी नोकराला तक्ता करायला सांगितला तर तो रंगीत करतो. वरचे तीन हिरवे, खालचे तीन लाल. खालच्यांना आम्ही 'लाल दिवा' म्हणायचो. थट्टाच होती. तेही हसायचे.

आठ महिने हे चाललं. लाल दिव्यातले एक जण, आमच्यात वयाने मोठे, बावन्न वर्षांचे, एका बुधवारी आले नाहीत. गुरुवारीही नाहीत. ग्रुपवर कुणीतरी झोपलेल्या माणसाचं चित्र टाकलं. शुक्रवारी त्यांच्या मुलाचा फोन आला. अँजिओप्लास्टी झाली होती, दोन स्टेंट.

रुग्णालयात आम्ही सातजण गेलो. वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "आठवडाभर छातीत जड वाटत होतं त्यांना. मी म्हटलं, जाऊ नका. तर म्हणाले, रविवारी यादी निघेल, या वेळी लालमधून वर यायचंय."

यावर आम्ही काय बोलणार? एकजण पाणी आणायला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. जिन्यात बसून राहिला होता. ज्याच्या मरणाच्या भीतीने आम्ही एकत्र आलो, तेच दुसऱ्याच्या दारात आम्ही आमच्या हाताने नेऊन ठेवलं होतं, रंगीत तक्त्यासकट.

महिनाभर सभागृह बंद ठेवलं. पुन्हा करायचं की नाही यावर आमच्यात चांगले वाद झाले. तेव्हा आमच्यातल्या एकाचे सासरे, लहानपणी आखाड्यात जात असत ते, म्हणाले, "बडोद्यात राहून व्यायाम कसा करायचा ते मोबाईलला विचारता?" तिथून आम्ही शोधायला लागलो.

आपल्या शहरातलं जुम्मादादा व्यायाममंदिर आपण येता-जाता पाहतो आणि विसरतो. तिथल्या राजरत्न प्रोफेसर माणिकरावांनी सांघिक व्यायामाची पद्धत बसवली. इंग्रजी कवायतीच्या हुकमांऐवजी देशी भाषेतल्या आज्ञा त्यांनी रूढ केल्या, शेकडो मुलं एका आज्ञेसरशी हलतील अशा. म्हणजे गटाने, ताल धरून, दमसास लागेपर्यंत व्यायाम करणं ही काही मोबाईलमधून आलेली गोष्ट नाही.

१९०७ ते १९१० या काळात माणिकरावांकडे एक तरुण शिकत होता, जगन्नाथ गणेश गुणे. जन्म आपल्या जवळच्याच डभोईचा, १८८३ सालचा. पुढे १९१९ साली हेच गुणे नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे गेले आणि योगाला लागले. मग त्यांनी काय केलं, तर १९२०-२१च्या सुमारास इथल्याच सरकारी रुग्णालयात उड्डियान आणि नौली करताना शरीरात नक्की काय घडतं याचे प्रयोग केले. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. ते स्वामी कुवलयानंद. योगाची प्रयोगशाळा उभारणाऱ्या या माणसाने गटाने करायच्या यौगिक व्यायामावरही पुस्तक लिहिलं. आखाडा, आश्रम आणि रुग्णालय ही तिन्ही ठिकाणं त्यांच्या आयुष्यात बडोद्याच्या आसपास होती, आणि एकातून दुसऱ्यात जाताना त्यांनी पहिलं फेकून दिलं नाही. आम्हाला हे फार लागलं. आमच्याकडे आखाडा होता, आश्रमाचा पत्ता नव्हता, आणि रुग्णालय शेवटी आलं.

आम्ही पुन्हा सुरू केलं ते काही गोष्टी बदलून. तक्ता गेला. प्रत्येकाने डॉक्टरांकडून तपासून कागद आणला. दोघांना डॉक्टरांनी उड्या मना केल्या, ते जागच्या जागी चालतात आणि आमच्याइतकाच घाम काढतात. आधी दहा मिनिटं अंग मोकळं करायचं, शेवटी एकदम बसायचं नाही, चालत राहायचं. जोरात चाललेला माणूस अचानक थांबला की रक्त पायात उतरतं आणि घेरी येते. पूर्वी आम्ही जमिनीवर आडवे पडण्यालाच पराक्रम समजत होतो.

आणि दहा सेकंद. आधी ती आमच्या दृष्टीने वाया गेलेली होती. पाणी प्यायचं, शेजाऱ्याचा आकडा बघायचा. खरं तर आमच्यातल्या इंजिनिअरला हे आधी सुचायला हवं होतं. काँक्रीट ओतलं की काम झालं असं ठेकेदाराला वाटतं. पण त्यावर निदान ७ दिवस पाणी मारावं लागतं आणि ताकदीचा हिशोब २८ दिवसांनी होतो. पाणी चुकलं तर वरून छान दिसणारा स्लॅब आतून कच्चा राहतो. शरीराचंही तसंच, ताकद भरते ती थांबल्यावर, झोपल्यावर. म्हणून आता आठवड्यातून तीनच दिवस जोराचा व्यायाम, बाकी दिवस सूर्यनमस्कार संथपणे. दहा सेकंदांत डोळे मिटायचे, श्वास बघायचा, बोलायचं नाही. बस, एवढंच.

शेवटी एकदा अथर्वशीर्ष म्हणतो. यात आमची एक सोयही आहे. दम फार लागला असेल तर ओळ एका श्वासात पुरी होत नाही, शब्द तुटतात. ज्याचा आवाज तुटतो त्याच्याकडे शेजारच्याचं लक्ष जातं आणि दुसऱ्या दिवशी त्याला हळू घ्यायला सांगतात. आमच्यात एकजण देव मानत नाहीत. तेही म्हणतात, माझी ही दम-तपासणी आहे. आम्ही वाद घालत नाही. खरं सांगायचं तर पूर्वी लाल दिवे पाहायला लागणारे डोळे आणि आता शेजाऱ्याचा श्वास ऐकणारे कान, या दोहोंत जे अंतर आहे त्याला अध्यात्म म्हणायचं की आणखी काही, हे आम्हालाही ठरवता आलेलं नाही.

आम्ही साधुसंत झालो असा कुणाचा समज नको. साइटवर ठेकेदारावर ओरडणं थांबलेलं नाही. पण ओरडायच्या आधी एक दहा सेकंद येतात, ती ओळखीची झाली आहेत. आमच्यातल्या एकाच्या घरून शेरा आला: "आजकाल भांडताना मध्येच गप्प होता, मग मला एकटीला भांडावं लागतं." राग येणं तेवढंच आहे, त्याचा हिशोब दुसऱ्याच्या नावावर टाकणं थोडं कमी झालंय. तेही सगळ्यांचं नाही. मागच्या महिन्यात दोघांची सभागृहाच्या किल्लीवरून बोलाचाली झाली आणि अजून पुरती मिटलेली नाही.

ते बावन्न वर्षांचे गृहस्थ पाच महिन्यांनी परत आले. आम्ही त्यांना आणायला गेलो नव्हतो, तेवढं धैर्य नव्हतं. एका सकाळी वहिनींनीच त्यांना स्कूटरवरून सोडलं आणि जाताना म्हणाल्या, "साडेसहाला घ्यायला येते." डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलंय. त्यामुळे जोराचे तीन दिवस ते खुर्चीत बसून मोजणी करतात. उलटी, मराठीत. वीस, एकोणीस, अठरा. त्यांनी 'थांबा' म्हटलं की अठराजण थांबतात, कुणाची एक बर्पी बाकी असली तरी. आणि एखाद्याचा चेहरा त्यांना बरा दिसला नाही तर ते मोजणी तेराव्यालाच तोडतात. याबद्दल अजून कुणी कुरकुर केलेली नाही.

सुट्टीत आमची मुलं येतात. घरी मराठी बोलतात, पण आकडे गुजरातीत नाहीतर इंग्रजीत. काकांसमोर त्यांना मराठीतच मोजावं लागतं. परवा एका मुलीने एकोणीस आणि एकोणतीस यांत गोंधळ केला आणि आम्हाला दहा सेकंदांची जादा बैठक झाली. तिची आई मागे बसली आहे, तिला ही गोष्ट आज कळली असेल.

उद्या सकाळच्या आरतीमुळे सभागृह सहाला रिकामं करायचंय, म्हणून आम्ही पाचला जमतोय. मांडवाच्या डाव्या बाजूला पाणी साचलंय, बूट तिथून आणू नका, फरशी घसरते. चाळिशीपुढच्यांनी कागद घेऊन यावं. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांच्यासाठी काकांशेजारी दोन खुर्च्या आहेत.

गणपती बाप्पा मोरया!