प्रयोगशाळेतून जाहिरातीकडे : एक हिशेब

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



या व्यासपीठावर मी आज दुसऱ्यांदा उभी आहे. पहिल्यांदा आले ती २०११ साली, बी.एस्सी.ला रसायनशास्त्रात मिळविलेल्या गुणांबद्दल आपल्या हातचे श्रीफळ स्वीकारण्यासाठी. त्याच वर्षी संस्थेच्या विद्यार्थी फंडातून मला एम.एस्सी.साठी बिनव्याजी कर्ज मिळाले. माझे थोरले मामा जामीन राहिले. ‘आपल्यातील एक मुलगी शास्त्रज्ञ होणार’ असे त्या दिवशी येथे जे बोलले गेले, ते ऐकताना माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आले होते, हे मी विसरलेले नाही.

ती मुलगी शास्त्रज्ञ झाली नाही. २०१८ साली पीएच.डी.चे काम अपुरे टाकून मी एका जाहिरातसंस्थेत कॉपीरायटर झाले. बातमी ज्ञातीत पसरण्यास वेळ लागला नाही. एका मावशींनी तर कळवळून विचारले, “अगं, एवढी शिकलेली तू, आणि कॉपी करतेस?” मावशींचा दोष नाही. कॉपी हा शब्द आपल्याकडे परीक्षेच्या दालनातच अडकून पडला आहे. जाहिरातीतील मजकुराला त्या धंद्यात कॉपी म्हणतात, आणि तो मजकूर लिहिणे हे माझे काम आहे, एवढे त्यांना सांगितले तेव्हा त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला.

परंतु दुसरा एक प्रश्न इतका सोपा नव्हता. कर्जाचा हप्ता भरण्यास मी कार्यालयात गेले असता मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांनी मला जवळ बसवून घेतले व म्हणाले, “मुली, संस्थेने पैसा दिला तो शास्त्रज्ञ घडविण्यासाठी. तू साबण विकू लागलीस. हा हिशेब आता कसा मांडायचा?” त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करते.

प्रथम, मी प्रयोगशाळा का सोडली ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मला कोणी तेथून घालविले नाही. २०१४ साली संशोधनवृत्ती मिळाली तेव्हा ती दरमहा २५,००० रुपये होती, आणि तेवढ्यात माझे भागत होते. माझा विषय होता साबणासारख्या द्रव्यांचे रेणू. अशा रेणूचे एक टोक पाण्याकडे धावते आणि दुसरे तेलाकडे, म्हणून तेलकट मळ सुटून पाण्याबरोबर निघून जातो. विषय सुंदर होता. पण चौथ्या वर्षापर्यंत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. प्रयोग फसला की माझे सहकारी रात्र रात्र जागत. मी मात्र जागत असे ती त्यांचे निबंध सुबोध करून देण्यासाठी. कठीण गोष्ट चार सरळ वाक्यांत बसली की मला जो आनंद होई, तो परीक्षानळीने मला कधी दिला नाही. हे स्वतःपाशी कबूल करण्यास मला एक वर्ष लागले. प्रबंध अपुरा राहिल्याचे शल्य आजही आहे, आणि ते झाकून आपल्यापुढे यशाची कहाणी सांगावी असे मला वाटत नाही.

या वाटेने पूर्वीही माणसे गेली आहेत. अमेरिकेतील नामांकित मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांना १९२० साली विद्यापीठ सोडणे भाग पडले, तेव्हा ते न्यूयॉर्कच्या एका मोठ्या जाहिरातसंस्थेत गेले, आणि गिऱ्हाईक ओळखावे म्हणून दुकानाच्या फळीमागे विक्रेता म्हणून उभेही राहिले. क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ साली जाहिरातीच्या शास्त्रावर पुस्तक लिहिले. निरनिराळ्या जाहिरातींतून परत आलेली कुपने मोजून कोणता मजकूर चालला हे ठरवावे, असे त्यांचे म्हणणे. आपल्या महाराष्ट्रातही १९२० साली निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ प्रथम कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठीच होती, आणि तिचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. तेव्हा हा धंदा केवळ शब्दांची आतषबाजी आहे असे समजू नये.

तथापि त्यात घसरण्यासही फार जागा आहे, आणि मी घसरले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी भांडी घासण्याच्या एका द्रवासाठी मी ओळ लिहिली, तिचा आशय असा की, एकदा घासले की जंतूंचा समूळ नाश. ओळ सर्वांना आवडली. महिनाभराने मी घरी गेले, तो आई माझ्या तान्ह्या भाच्याची दुधाची बाटली त्या द्रवाने नुसती विसळून भरीत होती. “उकळली नाहीस?” मी विचारले. आई म्हणाली, “आता कशाला? तूच तर लिहिलं आहेस. माझी मुलगी रसायन शिकलेली आहे, तिला कळत नाही का?”

सुदैवाने मुलाला काही झाले नाही. पण त्या रात्री मी कागद घेऊन हिशेब मांडला. त्या मालाच्या कसोटीत ९९.९ टक्के जंतू मेले होते. आकडा खरा होता. परंतु १० लाख जंतूंतून ९९.९ टक्के गेले तरी १,००० उरतात. अनुकूल ऊब आणि अन्न मिळाले तर ई. कोलायसारखा जंतू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे कोमट दुधात अवघ्या साडेतीन तासांच्या आत ते १,००० पुन्हा १० लाख होऊ शकतात. हे गणित मला येत होते. ओळ लिहिताना मी ते केले नाही, एवढेच.

दुसऱ्या दिवशी ती ओळ बदलावी म्हणून मी वरिष्ठांकडे गेले. “जाहिरात म्हणजे प्रबंध नव्हे,” असे मला सांगण्यात आले. पुष्कळ वाद झाला. अखेरीस ओळ बदलली, आणि बाटलीमागील सूचनांत ‘बाळाची भांडी धुतल्यावर उकळून घ्या’ असे एक वाक्य आले. माझ्या हातून लिहिली गेलेली ती सर्वांत साधी ओळ असेल, पण तिच्याइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचाही नाही.

सभासदमहाशय, आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर या वाक्यात आहे. किती, कशावरून, आणि कोणत्या परिस्थितीत, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय मला आपल्या पैशाने लागली. ती सवय मी मेजावर ठेवून लिहिते तोवर आपला पैसा बुडाला असे मी मानणार नाही. ज्या दिवशी ती सोडीन, त्या दिवशी खुशाल बुडीत खाती मांडावा.

कायदा आहेच. रोग बरा करण्याच्या चमत्कारी दाव्यांना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. जाहिरातदारांनी १९८५ साली स्वतःची मानक परिषद स्थापिली, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्याच वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा पोहोचतो तो ओळ छापून झाल्यावर. ती लिहिली जात असताना तेथे फक्त लिहिणारा असतो. म्हणून घरोघरच्या भगिनींना माझी विनंती आहे की, जाहिरात वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात : आकड्यापुढे ‘पर्यंत’ हा शब्द आहे काय, तारकाचिन्हाखाली बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, आणि ‘अधिक चांगले’ म्हटले असेल तर ते कशापेक्षा.

आता विद्यार्थ्यांना दोन शब्द. ज्याचे मन प्रयोगशाळेत रमते त्याने माझे उदाहरण घेऊ नये. देशाला त्याची गरज माझ्याहून अधिक आहे. पण ज्याला वाट बदलावीशी वाटते, त्याने केवळ कंटाळ्याने बदलू नये. पुढे काय करावयाचे ते थोडे करून पाहावे, आणि मागचे काम नीटनेटके सोपवून निघावे. माझ्या प्रयोगवह्या मी पाने क्रमवार लावून मागच्या विद्यार्थिनीच्या हाती दिल्या. तिने त्यांवरून पुढचे काम नेले. आणि घेतलेले कर्ज फेडावे. माझा शेवटचा हप्ता २०२१ साली भरला गेला, त्या दिवशी जामिनकीतून मोकळे झालेल्या मामांनी मला पेढा दिला.

पालकांना एकच सांगणे आहे. मुलाने वाट बदलली तर ‘लोक काय म्हणतील’ हे विचारण्याआधी ‘तू तेथे खरे बोलशील ना’ एवढे विचारावे. माझ्या आईने ते मला बाटली हातात धरून, नकळत विचारले.

फंडातून घेतलेली रक्कम फिटली. बाकीचे ऋण फिटणारे नाही, आणि ते फिटावे अशी माझी इच्छाही नाही.