छोटा संगणक घेताना : किंमत आणि वाढीची सोय



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून या परंपरेत मोठमोठ्या विषयांवर बोलणे झाले आहे. मी आज वीतभरही न भरणाऱ्या एका डब्याविषयी बोलणार आहे. विषय लहान खरा. पण येत्या जूनमध्ये आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो उभा राहणार आहे. मूल कॉलेजात जाणार, संगणक हवा, आणि दुकानात दोन छोटी यंत्रे समोर येणार. एक वेगवान आणि देखणे, पण जन्मभर जसे आहे तसेच राहणारे. दुसरे साधे, पण पुढे वाढवता येणारे. घ्यावे कोणते?

प्रारंभीच कबूल करतो की, या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. थोरल्या मुलीसाठी मी असाच एक लहान डबा घेतला. किंमत विचारली, घासाघीस केली, पाचशे रुपये कमी करून घेतले आणि मोठ्या विजयी मुद्रेने घरी आलो. दोन वर्षांनी तिच्या अभ्यासक्रमात नकाशे काढण्याचे काम आले आणि यंत्र गुदमरू लागले. रॅम वाढवावी म्हणून डबा उघडला, तो रॅम डाख देऊन पटलावर कायमची बसवलेली! यंत्र बिघडलेले नव्हते. पण तिच्या कामाचे उरले नव्हते. दोष कोणाला देऊ? विचारायचे ते मीच विचारले नव्हते.

आता दोन शब्द समजून घेऊ. रॅम म्हणजे दुकानातली गादीसमोरची जागा; गिऱ्हाइकासमोर एका वेळी किती ठाणे उलगडता येतील, हे ती ठरवते. एसएसडी म्हणजे मागचे गोदाम. तिथे माल साठतो. गोदाम कितीही मोठे असले, तरी गादीसमोर जागा नसेल तर गिऱ्हाईक खोळंबते. आणि प्रोसेसर म्हणजे ठाण उलगडणारा गुमास्ता.

वाढीची सोय ही काही जन्मजात गोष्ट नव्हे. करणारा ती देतो आणि काढूनही घेतो. ॲपलच्या मॅक मिनीचा इतिहास पाहा. २००५ साली तो ४९९ डॉलरला निघाला. २०१० च्या यंत्राचे तळाचे गोल झाकण हाताने फिरवले की रॅम बदलता येई. २०१४ मध्ये रॅम डाखून टाकली. २०१८ मध्ये ती पुन्हा सुटी झाली, आणि २०२० पासून प्रोसेसरच्या शेजारी एकाच वेष्टनात जाऊन बसली. यात केवळ लोभ आहे असे मी म्हणणार नाही. रॅम प्रोसेसरला खेटून असली की देवाणघेवाण जलद होते आणि वीजही कमी लागते. भारनियमनात यूपीएसवर काम करणाऱ्या माणसाला हा गुण थोडाथोडका नाही.

पण त्याची किंमत कुठे मोजावी लागते? २०२४ च्या मॅक मिनीची भारतातील प्रारंभीची किंमत ५९,९०० रुपये होती. त्यात १६ गिगाबाइट रॅम आणि २५६ गिगाबाइटचे गोदाम. गोदाम दुप्पट हवे, तर ७९,९०० रुपये. वाढीव २५६ गिगाबाइटला वीस हजार! त्या वेळी बाजारात ५१२ गिगाबाइटची सुटी एसएसडी याच्या पाव किमतीत मिळत होती. म्हणून गोदाम कमी पडत असेल, तर ते बाहेरून जोडावे. केबलने जोडलेली एसएसडी उत्तम काम देते. रॅम मात्र बाहेरून जोडता येत नाही. पुढे न वाढणारे यंत्र घेणाराने सर्व विचार रॅमचा करावा आणि पहिल्याच दिवशी ती पुरेशी घ्यावी.

दुसऱ्या जातीचे डबे कचेऱ्यांतून दिसतात. लेनोवो, डेल, एचपी यांचे हे छोटे संगणक स्क्रू काढले की उघडतात आणि बहुतेकांत रॅम व एसएसडी बदलता येते. मुदत संपली की ते कचेऱ्यांतून निघतात आणि जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. पण येथेही एक खाच आहे. ती सांगण्यासाठी मी आपल्याला आपल्याच स्टेशनवर नेतो.

आपल्या सेलू गावावरून जाणारा लोहमार्ग निजामाच्या काळापासून मीटरगेजचा होता; रुळांतले अंतर एक मीटर. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. गाव तेच राहिले, उतारू तेच राहिले. पण जुनी इंजिने आणि जुने डबे नव्या रुळांवर चालेनात. मीटरगेजला आणखी चार डबे जोडणे ही वाढ होती. गेज बदलणे ही वाढ नव्हे, तो नवा मार्गच. संगणकालाही असेच गेज असते. डीडीआर-४ च्या खाचेत डीडीआर-५ ची रॅम बसत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या पिढीच्या डब्यात रॅम कितीही ओतली, तरी हा दरवाजा उघडत नाही. तेथे लिनक्स घालता येते आणि ते चांगले चालते. पण हे घेण्यापूर्वी ठाऊक हवे.

"आज थोडे घेऊ, पुढे स्वस्त झाल्यावर वाढवू," हे गणितही नेहमी बरोबर येत नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी मेमरीची मागणी वाढवली आणि सुट्या रॅमच्या किमती काही महिन्यांत दुपटीपलीकडे गेल्या. वाढीची खाच म्हणजे स्वस्ताईची हमी नव्हे. ती केवळ संधी आहे.

मग निर्णय कसा करावा? माझे मत असे की, यंत्राकडे पाहण्याआधी आपला पैसा कसा येतो ते पाहावे. शाळेला किंवा वाचनालयाला अनुदान एकदा मिळते. तीन वर्षांनी रॅमसाठी पुन्हा पैसे मागितले, तर कागदच फिरत राहतात. अशा संस्थेने पहिल्याच दिवशी भरपूर रॅमचे यंत्र घ्यावे. मग ते बंद डब्याचे असले तरी चालेल. आपल्या घरांचे तसे नाही. आपला पैसा कापूस विकल्यावर येतो, थोडाथोडा येतो, आणि एखाद्या वर्षी येतही नाही. ज्याचे उत्पन्न हंगामी, त्याला वाढवता येणारे यंत्र हाच आधार. आज पदरात आहे तेवढे घालावे आणि बरे वर्ष आले की उरलेले घालावे. शिवाय एसएसडी निकामी झाली, तर सुटी असल्यास गावातला कारागीर ती बदलून देतो. डाखलेली असल्यास सारे पटलच बदलण्याची पाळी येते.

धाकट्या मुलाच्या वेळी मी शहाणा झालो. दुकानात गेलो तो किमतीपूर्वी तीन प्रश्न विचारले : रॅम सुटी आहे काय? आता किती घातली आहे आणि जास्तीत जास्त किती चालेल? प्रोसेसर कोणत्या पिढीचा? उत्तरे पावतीवर लिहून घेतली. घासाघीस त्यानंतर केली. या वेळी पाचशे रुपये काही सुटले नाहीत. परंतु मागच्या दिवाळीत आम्ही बापलेकांनी घरीच चार स्क्रू काढून आठाचे सोळा गिगाबाइट केले, आणि त्या वेळी थोरली मुलगी शेजारी उभी राहून पाहत होती. ती काही बोलली नाही. तिच्या वेळचे ते पाचशे रुपये किती महाग पडले, ते मला त्या वेळी कळले.

आपल्यावर तशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हा विषय आपल्यापुढे मांडला.