गाठ हाताला लागण्याआधी
(महिला दिनी सोसायटीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



या विषयावर डॉक्टर सोडून हा रिटायर्ड बँकवाला का बोलतोय, असं वाटलं असेल. आमच्या सौ.च्या परवानगीनेच सांगतो. त्यांना छातीत गाठ लागली तेव्हा मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. ‘दुखत नाही ना, मग बघू नंतर,’ म्हणून चार महिने त्या कोणाला बोलल्या नाहीत. मलासुद्धा नाही. उपचार झाले, आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. पण ते चार महिने मला अजून टोचतात. ही गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन प्लेटांमध्ये स्तन काही सेकंद दाबून धरतात. थोडं दुखतं, पण त्यामुळे फोटो स्पष्ट येतो आणि किरणंही कमी लागतात. हाताला न लागणारी बारीक गाठ, कॅल्शियमचे पांढरे ठिपके त्यात दिसतात. तरुण वयात स्तन बहुधा दाट असतो. फोटोत तोही पांढरा आणि गाठही पांढरी, म्हणून तिथे सोनोग्राफीची मदत घेतात. घराण्यात बऱ्याच जणींना हा आजार झाला असेल किंवा बीआरसीए जनुकात दोष सापडला असेल, तर एमआरआयही सांगतात.

फोटोत संशय आला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. सुईने तुकडा काढून तपासला की मगच निदान पक्कं होतं. उलट रिपोर्ट नॉर्मल आला, तरी गाठ जाणवत असेल तर पुन्हा दाखवा.

मशीन जवळ नाही म्हणूनही थांबू नका. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईत दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

बँकेत ऑडिट चोरी झाल्यावर करत नाहीत, ठरलेल्या वेळी करतात. चाळिशी आली की मॅमोग्राफी कधी आणि किती वर्षांनी करायची, हे डॉक्टरांना विचारा.

आणि बंधूंनो, घरातली बाई स्वतःहून सांगेल याची वाट बघू नका. आज घरी गेल्यावर तुम्हीच विषय काढा. मी काढला नव्हता.