चाकांवरचा संसार

घर सोडून प्रवासाला निघणे निराळे आणि घर घेऊन निघणे निराळे. पहिल्या प्रकारात माणूस काही दिवसांपुरता तरी चुलीपासून, माठापासून आणि अंथरुणापासून मोकळा होतो. दुसऱ्यात ही सारी उपाधी चाकांवर बसून त्याच्याबरोबर चालू लागते. ज्याला कॅम्पर व्हॅन म्हणतात ते वाहन या दुसऱ्या प्रकारातले होय. एका बंदिस्त मोटारीत दोन माणसांचे अंथरूण, गॅसची शेगडी, भांडी विसळण्यापुरती मोरी, छपरावर सौर पॅनेल आणि पायाखाली ऐंशी-शंभर लिटर पाण्याची टाकी, एवढ्यात सारा संसार आटोपतो. महाराष्ट्र शासनाने 2021 साली अशा वाहनांतून होणाऱ्या पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणही आखले.

असे वाहन हाती आले की बहुतेक पतिपत्नींचे मन प्रथम लडाखकडे धाव घेते. ते स्वाभाविकच आहे. परंतु जालन्याच्या जोडप्याला खडकाळ उत्तर पाहण्यासाठी हिमालय गाठण्याचे कारण नाही. ती त्याच्या जिल्ह्यातच आहे. 1 मे 1981 रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्याची दक्षिण बाजू गोदावरीच्या काळ्या जमिनीची, तर उत्तर बाजू अजिंठ्याच्या डोंगररांगेला टेकलेली. भोकरदन आणि जाफराबाद हे दोन तालुके म्हणजे उघडा काळा पाषाण, पातळ मुरूम, ओढ्यांनी चिरलेली माळराने आणि मधूनमधून पळस, निंब व सीताफळीची झाडे. फाल्गुनात पळस पेटतो तेव्हा हा मुलूख पाहावा.

जालन्याजवळून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते मुंबई हा 701 किलोमीटरचा रस्ता 5 जून 2025 रोजी पूर्णपणे खुला झाला. त्यावरून ताशी 120 किलोमीटर वेगाने मोटारी धावतात खऱ्या, परंतु घर घेऊन निघालेल्याला त्या वेगाचा काय उपयोग? त्याने त्या रस्त्याकडे पाठ फिरवून उत्तरेस राजूरची वाट धरावी. टेकडीवरील गणपतीचे दर्शन घेऊन पुढे निघाले की रस्ता चढउतारांचा होत जातो आणि कपाटातली ताटे-वाट्या वाजू लागतात. संसार नीट बांधला आहे की नाही, हे गृहिणीला पहिल्या दहा मैलांतच कळते.

मुक्कामाची जागा निवडणे ही या प्रवासातील खरी विद्या. काळी जमीन दिसायला सपाट आणि मऊ, म्हणून नवखा माणूस मोटार तिच्यावर नेतो. रात्री अवकाळी पावसाची एक सर आली की ती जमीन चिकट होते, चाके रुततात आणि सकाळी कोणाचा तरी ट्रॅक्टर शोधावा लागतो. जाणता मनुष्य मुरमाचा उंचवटा पाहतो आणि गावात जाऊन परवानगी विचारतो. सावली हवी तर छपराला वीज मिळत नाही आणि वीज हवी तर दुपारी पत्रा तापतो; या भांडणाचा निकाल बहुधा निंबाच्या झाडाच्याच बाजूने लागतो.

या उत्तर भागात वाट कशी ओळखावी, याची एक प्रसिद्ध कथा आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या दुआबात शिंदे-भोसल्यांची फौज उभी होती आणि दक्षिणेकडून आर्थर वेलस्ली येत होता. केळणेला जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी त्याला सांगितले. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. इतक्या जवळच्या दोन गावांत येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा त्याने तर्क केला. तो खरा ठरला आणि त्याची फौज पार झाली. पुढे असईची लढाई झाली, तीत इंग्रजांकडील दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. इतिहास त्या सेनापतीच्या बुद्धीचे कौतुक करतो. पण तो उतार त्याने निर्माण केलेला नव्हता. दोन्ही गावांतली माणसे तो आधीपासूनच तुडवीत असली पाहिजेत. फाल्गुनात या नदीकाठी मोटार उभी करणाऱ्या जोडप्याला पात्रात बहुधा पाण्यापेक्षा गोटेच अधिक दिसतात.

जवळच भोकरदन. हेच प्राचीन भोगवर्धन. येथील दात्यांची नावे सांचीच्या शिलालेखांत आहेत. 1973 च्या उत्खननात येथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती निघाली, तिचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी विलक्षण साम्य आहे. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. आज आडबाजूचे वाटणारे हे गाव एकेकाळी केवढ्या लांबच्या वाटेवर होते, ते यावरून समजावे.

भोकरदनच्या पुढे डोंगर चढत जातो. या रांगेच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस पूर्णेतून गोदावरीला मिळतो आणि पूर्वसमुद्राला जातो; उत्तर उतारावरचा तापीला मिळून पश्चिमसमुद्राला. दोन्हीकडे पाणी वाहून जाते, मागे थोडेच राहते. वर्षाकाठी सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि खाली पाणी न मुरू देणारा पाषाण! 2016, 2019 आणि 2024 या वर्षांच्या उन्हाळ्यात जिल्ह्यातील कित्येक गावांची तहान टँकरने भागवावी लागली. जालन्याजवळच्या कडवंचीने पाणलोटाची कामे व शेततळी करून द्राक्षबागा उभ्या केल्या, हे खरे. पण प्रत्येक गाव अद्याप कडवंची झालेले नाही.

म्हणून चाकांवरच्या घरातील टाकी भरण्याचा प्रश्न येथे साधा राहत नाही. ग्रामीण भागात माणशी दररोज 55 लिटर पाणी मिळावे, असे जलजीवन योजनेने 2019 साली ठरवले. दोघांचे 110 लिटर होतात. म्हणजे मोटारीची भरलेली टाकी ही दोघांच्या एका दिवसाच्या हक्काइतकीही नाही. तरी काटकसरी जोडपे तीवर तीन दिवस काढते. स्नान तांब्याने, भांडी आधी राखेने घासून मग विसळायची, आणि विसळलेले पाणी झाडाला. गावातील नळावर नळी लावण्यापूर्वी तेथे पाणी किती दिवसांआड येते, हे विचारावे. उत्तर ऐकून नळी गुंडाळून परत ठेवावी लागली, तर तीही प्रवासाची एक कमाईच समजावी.

परतीच्या वाटेवर, जालना ओलांडून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, याच दिवसांत दुसरेही चाकांवरचे संसार भेटतात. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा हंगाम आटोपून ऊसतोड कामगार घरी परतत असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वा बैलगाडीत वासे, चटया, पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, कोंबड्या आणि वर बसलेली मुले. दिवाळीच्या सुमारास निघालेली ही माणसे पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहिलेली असतात. पहाटे पुरुष ऊस तोडतो, बाई मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत चढवते. पाणी तीच आणते, भाकरीही तीच थापते. हंगामाआधी घेतलेली उचल टनामागच्या मजुरीतून फेडायची असते. ती फिटली नाही, तर पुढच्या वर्षीचा प्रवास आताच ठरलेला असतो. उचल दोघांच्या श्रमावर दिली जाते, एकट्याच्या नव्हे. मुकादमाच्या वहीत अशा पतिपत्नीची नोंद मिळून एकच असते, आणि तिला नाव आहे ‘एक कोयता’.