वजनकाट्यापुढची रांग

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी बजावलंय, "उपयोगाचं बोल आणि थोडक्यात बोल." म्हणून माझ्या कामातली एकच गोष्ट सांगते. ती तुमच्या दुकानाला, दवाखान्याला, डेअरीला आणि वर्गालाही लागू पडते. तिला कारखान्यात 'लीन' म्हणतात. आपल्यातले जे बारामती एमआयडीसीत पियाजिओला किंवा भारत फोर्जला आहेत, त्यांना 'कायझेन' हा शब्द नवा नाही. कायझेन म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा.

हा विचार जपानच्या टोयोटा कंपनीत वाढला. तिथले इंजिनिअर ताइची ओनो यांनी वाया जाण्याचे सात प्रकार मांडले : गरजेपेक्षा जास्त उत्पादन, साठा, वाट पाहणं, नेआण, उगाचची हालचाल, नको असलेली प्रक्रिया आणि सदोष माल. यातलं 'वाट पाहणं' मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते दिसत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, या कारखान्यांच्या भोंग्यावर आपण लहानाचे मोठे झालो. तोडलेला ऊस साधारण 24 तासांत गव्हाणीत पडायला हवा. उशीर झाला की ऊस वाळतो, वजन घटतं आणि साखरेचा उताराही घसरतो. म्हणून कारखाना लागणीची नोंद ठेवतो आणि गाळपाच्या हिशेबाने तोडीची चिठ्ठी देतो. ओनोंनी 'कानबान' नावाची कार्डपद्धत आणली, तिचं तत्त्व हेच : पुढच्या माणसाने मागितलं की मगच मागच्याने माल द्यायचा. चिटबॉय हा शब्द ज्यांना माहीत आहे, त्यांना कानबान वेगळं शिकवायची गरज नाही!

पण चिठ्ठ्या जास्त सुटल्या किंवा मिल बंद पडली, की वजनकाट्यापुढे गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत नुकसान कुणाचं होतं? शेतकऱ्याचं वजन घटतं, कारखान्याचा उतारा घटतो. आणि पहाटे अंधारात फडात उतरलेलं, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरलेलं जोडपं? त्यांना मजुरी टनावर मिळते. रांगेतल्या तासांना पैसे नाहीत आणि वाळलेल्या उसाचं वजन त्यांच्याही हिशेबातून जातं. ज्या वेळेचे पैसे कुणालाच द्यावे लागत नाहीत, तो वेळ वाया गेल्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

माझ्या क्षेत्रातही तेच. आमच्या टीममध्ये एक छोटी दुरुस्ती ग्राहकापर्यंत पोचायला 12 दिवस लागायचे. आम्ही प्रत्येक टप्प्याची वेळ लिहिली. प्रत्यक्ष काम जेमतेम दीड दिवसाचं निघालं. उरलेले दिवस रांगेचे : कुणी तपासेल म्हणून, कुणी मंजुरी देईल म्हणून. सगळे सतत कामात होते, पण काम मात्र थांबलेलं होतं. आम्ही नियम केला, की एकाच्या हातात एका वेळी दोनच कामं. आधीचं पुढे गेल्याशिवाय नवं घ्यायचं नाही. सुरुवातीला कुरबुर झाली. तीन महिन्यांत 12 चे 5 दिवस झाले. नवा माणूस घेतला नाही, कुणी रात्री जागलंही नाही.

इंदापूरच्या आपल्या एका वर्गमित्राने दवाखान्यात असंच केलं. मधुमेहाचे जुने पेशंट आधी नंबर लावायचे, मग रक्त तपासायला जायचे आणि परत येऊन पुन्हा नंबर लावायचे. आता ते आधी तपासणी करूनच येतात. एक अख्खी रांग गेली. खर्च काय, तर दारावरचा एक कागद.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. काही ठिकाणी लीनच्या नावाखाली माणसं कमी करतात. तसं झालं की पुढच्या वेळी कुणी सूचना देत नाही. आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल? सुधारणा सुचते ती काम करणाऱ्याला. त्याच्या पोटाला धक्का लागणार नाही, हा शब्द आधी द्यावा लागतो.

शेवटचा मुद्दा, खास गुरुजनांसमोर. टोयोटा घराण्यातल्या साकिची टोयोडांनी असा माग बनवला, की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. त्यामुळे सदोष कापड पुढे जात नसे. पुढे मोटारीच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क मिळाला. आपल्या वर्गात ती दोरी होती : हात वर करून "सर, समजलं नाही" म्हणायची मुभा. ज्या बाईंनी आणि सरांनी त्यावर कधी हसू दिलं नाही, त्यांनी आम्हाला हे सगळं नाव न सांगता शिकवलं.

तेव्हा एक विनंती. उद्या कामावर गेलात की एकच रांग निवडा. आठवडाभर वेळ लिहा. मग त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला विचारा, "तुला काय वाटतं?" त्याचं उत्तर आलं की मधे बोलू नका.