संग्रहालयाचा उंबरठा आणि मोबाइल
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा सारांश)



१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. आतून दगडी पेटी, धातूच्या आठ लहान मूर्ती, करंडक निघाले. ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. सोपाऱ्याचाच, सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. दोन्ही जागा फोर्टातच. पण आपल्यापैकी किती जण आत जाऊन आले? भव्य इमारत, दारात पहारेकरी, वर तिकीट. गिरणी कामगाराचा पाय उंबरठ्याशीच अडतो.

आता मोबाइलने हा उंबरठा थोडा खाली आणलाय. गूगलने २०११ साली जगातली संग्रहालयं पडद्यावर आणायला सुरुवात केली. त्यांच्या 'आर्ट्स अँड कल्चर' ॲपवर आपलं हे वस्तुसंग्रहालयही आहे. तिकीट नाही. दोन बोटांनी चित्र मोठं करा, बारीक कोरीवकाम डोळ्यांजवळ येतं.

अडचण एकच, मजकूर बहुतेक इंग्रजीत. आजीने काय वाचायचं? म्हणून दर रविवारी विहारात कॉलेजच्या एका मुलाने किंवा मुलीने एकच वस्तू दाखवावी आणि मराठीत सांगावी. दहा मिनिटं पुरेत.

आणि तेवढ्यावर थांबू नका. पडद्यावर सगळं सारख्याच आकाराचं दिसतं. खरी वस्तू बघायला पोराबाळांना घेऊन जा. तिथे अभिप्राय लिहा, मोबाइलवर मराठी मजकूर मागा. मागणाराच नसेल, तर देणाऱ्याला गरज कशी कळणार? वारसा आपला आहे, तर हक्काने आत शिरा.

नमो बुद्धाय! जयभीम!