म्हाताऱ्यांच्या तोंडचा इतिहास जपा
(अर्नाळा येथील विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



इथून जवळच सोपारा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक आणि भोवती आठ बुद्धमूर्ती निघाल्या. सम्राट अशोकाच्या लेखाचा तुकडाही सोपाऱ्यात सापडला. राजाचे शब्द दगडावर होते म्हणून टिकले. पण त्या स्तूपाच्या विटा ज्यांनी वाहिल्या, त्यांचं नावगाव आज कुणाला ठाऊक आहे? आपल्या आईबापांची तीच गत होऊ नये, एवढंच सांगायला उभा आहे.

आपल्यातली कितीतरी घरं कोकणातून, घाटावरून मुंबईला आली. गिरणीत लागली, चाळीत राहिली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि माणसं स्वस्त जागेच्या शोधात वसई-विरारकडे सरकली. भोंगा गेला, चिमणी गेली. आता उरल्या त्या फक्त आठवणी.

कापड गिरणीत साचे खात्यात मजुरी बरी होती, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावं लागे. आपलं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. संपात आपण खांद्याला खांदा लावून चालायचो, धोटा मात्र बाटायचा! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. हे पुस्तकात मिळतं. पण आपला आजा कुठल्या खात्यात होता, पाणी कुठं प्यायचा, घरी येऊन काय बोलायचा, हे घरच्या माणसालाच विचारावं लागेल.

हे काम होऊ शकतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना घरोघर जाऊन बोलतं केलं, १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या लोकांच्या तोंडून गिरणगावाचा इतिहास उभा केला.

आपण काय करायचं? मोबाईल सगळ्यांकडे आहे. आधी परवानगी घ्या, मग बोलणं टिपा. "तुमचा इतिहास सांगा" म्हटलं की म्हातारं माणूस गप्प बसतं. त्यापेक्षा विचारा, मुंबईत पहिली रात्र कुठं काढली? पहिला पगार किती, तो कुणाच्या हातात दिला? १९५६ साली घरातले देव कुणी काढले, कोण रडलं? बायांना आधी विचारा. संपात चूल त्यांनीच पेटती ठेवली. आणि नुसतं गोड लिहू नका. दारू, मारहाण, आपसातली पोटजात, तेही येऊ द्या. खोटा इतिहास बाबासाहेबांच्या लेकरांना शोभत नाही.

सोबत हजेरीपत्रक, पगाराची चिठ्ठी, जुना फोटो यांची प्रत घ्या. मूळ कागद ज्याचा त्याला परत द्या. एक वही विहारात, एक त्या घरात.

छप्पन साली जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. थांबायला वेळ नाही. माझी समितीला विनंती आहे की, पुढच्या वर्धापनदिनापर्यंत निदान दहा जणांचं बोलणं वहीत उतरवूया. सुरुवात येत्या रविवारी, वंदना झाल्यावर.

जय भीम! नमो बुद्धाय!